सही एकाशी, सवलत तिसऱ्यालाच: भाड्याने फिरणाऱ्या प्रोव्हायडर करारांचे नियम

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात, बे एरियात, स्वतःचं डेंटल क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना गेले काही महिने अशा एका विमा कंपनीचे ईओबी (क्लेममध्ये काय मान्य झालं, काय कापलं ते सांगणारे कागद) येताहेत, जिच्याशी त्यांनी कधी करारच केलेला नाही. तरीही ईओबीवर ‘इन-नेटवर्क’, म्हणजे ठरलेल्या कमी दराने काम करणाऱ्या डॉक्टरांच्या यादीतल्या, असं छापलेलं असतं आणि फी परस्पर कापलेली असते. पुण्यातली बिलिंग टीम म्हणते, ‘मॅडम, हे लीज्ड नेटवर्क आहे, राइट-ऑफ करावंच लागेल,’ म्हणजे नेटवर्क भाड्याने दिलेलं आहे, कापलेली फी सोडून द्यावी लागेल. हे कायदेशीर आहे का, उरलेली रक्कम पेशंटकडून घेता येईल का, यातून बाहेर कसं पडायचं, पेडियाट्रिशियन असलेल्या मिस्टरांनाही हेच लागू होतं का, आणि आपला करार मराठी डेंटिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून इतरांशी ताडून पाहिला तर चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

डॉक्टर, आधी माझी बाजू सांगते. पूर्वी मी नेटवर्क कंपनीकडून असे करार लिहायचे, आता डॉक्टरांकडून ते वाचते. मी वकील नाही. कोर्टात जायची वेळ आली तर कॅलिफोर्नियाचा हेल्थकेअर वकीलच गाठावा लागेल. पण बहुतेक प्रकरणं तिथवर जातच नाहीत, एका नीट लिहिलेल्या पत्रावर मिटतात. ते पत्र कसं लिहायचं ते पुढे सांगते.

तुमची बिलिंग टीम अर्धं बरोबर सांगते आहे. नेटवर्क भाड्याने देणं बेकायदा नाही. पण ‘लीज्ड आहे, म्हणून राइट-ऑफ’ हे उत्तर पुरेसं नाही. लीज कुणी कुणाला दिलं, कोणत्या कराराखाली, आणि तुमच्या सहीपासून त्या विमा कंपनीपर्यंतची साखळी कुठेही न तुटता पोचते का, हे दाखवायची जबाबदारी सवलत घेणाऱ्यावर आहे. ही साखळी दाखवता आली नाही तर सवलतही नाही. अमेरिकेतले या विषयावरचे बरेच राज्य-कायदे या ना त्या शब्दांत हेच म्हणतात.

आता हे घडतं कसं ते पाहू. तुम्ही दहा-बारा वर्षांपूर्वी क्लिनिक सुरू करताना पेशंट मिळावेत म्हणून एखाद्या ‘अंब्रेला’ नेटवर्कशी करार केला असणार. या कंपन्या स्वतः विमा विकत नाहीत. डेंटिस्टांची यादी आणि त्यांचे ठरलेले दर हाच त्यांचा माल. तो या कंपन्या टीपीएंना (दुसऱ्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या कंपन्यांना), विमा कंपन्यांना, युनियनच्या फंडांना, स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा खर्च स्वतः उचलणाऱ्या मोठ्या कंपन्यांना भाड्याने देतात. मेडिकलमध्ये मल्टिप्लॅन हे यातलं सगळ्यात मोठं नाव. १९८० पासूनची कंपनी, २०२५ मध्ये नाव बदलून क्लॅरिटेव्ह झाली. तिने पीएचसीएस, बीच स्ट्रीट अशी जुनी नेटवर्क एकामागून एक गिळली, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी भलत्याच नावाच्या कंपनीशी सही केलेले डॉक्टर आज तिच्या यादीत सापडतात. डेंटलमध्ये टेक्सासच्या फ्रिस्कोची केरिंग्टन, डेंटेमॅक्स, झेलिस ही नावं तुम्ही ऐकलेली असतील.

पोटभाडेकरू ठेवायचा तर मूळ भाडेकराराने तशी मुभा द्यावी लागते, हे आपल्याकडे चाळीत राहिलेल्या कुणालाही माहीत असतं. इथेही तसंच आहे. फरक इतकाच की इथे पोटभाडेकरूचा पोटभाडेकरूही असतो आणि घरमालकाला त्याचं नाव ईओबीच्या तळटिपेत पहिल्यांदा कळतं. मुभा नसताना, किंवा नेटवर्कशी काडीचा संबंध नसताना, कुणाच्या तरी करारातला दर उचलून फी कापणाऱ्याला इथे ‘सायलेंट पीपीओ’ म्हणतात (पीपीओ म्हणजे सवलतीच्या दराने काम करणाऱ्या डॉक्टरांचं नेटवर्क). आयत्या बिळावर नागोबा म्हणा ना.

यात गैर काय, असं नेटवर्कवाले विचारतात. मूळ देवाणघेवाण आठवा. डॉक्टर फी कमी करतो ती फुकट नाही. त्या बदल्यात त्याचं नाव डिरेक्टरीत छापलं जातं, पेशंटला ‘याच्याकडे जा, तुझा खर्च कमी होईल’ असं सांगितलं जातं, म्हणजे पेशंट वाढतात. सायलेंट पीपीओत पेशंट आपल्या मनाने आलेला असतो, कार्डावर नेटवर्कचा मागमूस नसतो, उपचार झालेले असतात, आणि मग क्लेम हातात आल्यावर पेयर, म्हणजे क्लेमचे पैसे भरणारा, शोधतो की या डॉक्टरचा कमी दर कुठल्या गाठोड्यात सापडतो का. डॉक्टरला मिळालं काहीच नाही, गेली मात्र फी.

कॅलिफोर्नियाने नेमकी ही मेख ओळखून १९९९ मध्ये एसबी (सिनेट बिल) ५५९ हा कायदा केला, तो २००० पासून लागू आहे. एकच नियम चार संहितांमध्ये घातलेला आहे: बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ५११.१, हेल्थ अँड सेफ्टी कोडचं १३९५.६, इन्शुरन्स कोडचं १०१७८.३ आणि कामगार-भरपाईसाठी लेबर कोडचं ४६०९. चार ठिकाणी का, तर करार विकणारा कधी नुसता एजंट असतो, कधी हेल्थ प्लॅन, कधी विमा कंपनी, आणि प्रत्येकावर वेगळ्या खात्याचं नियंत्रण. तुमच्या पत्रात कोणतं कलम टाकायचं हे त्यावरून ठरतं. कलम चुकलं तर उत्तर देणारा तेवढंच धरून बसतो.

या कायद्याने तुम्हाला जे हक्क दिलेत त्यातले तीन मी रोज वापरते. एक, करारावर सही करताना, तो नवा होताना किंवा त्यात बदल होताना, जे पेयर आपल्या सभासदांना तुमच्याकडे येण्यासाठी ‘सक्रिय प्रोत्साहन’ देत नाहीत अशांच्या यादीत आपलं नाव जाऊ नये असं तुम्ही सांगू शकता. सक्रिय प्रोत्साहन म्हणजे पेशंटला पैशाचा फायदा, किंवा तुमचं नाव असलेली यादी, कार्ड, वेबसाइट असं काहीतरी ठोस. दोन, तुमचा दर आज कोणकोणते पेयर वापरू शकतात याचा तपशील सहीच्या वेळी, आणि नंतर लेखी मागितल्यास ३० दिवसांत, मिळायला हवा. तीन, आणि हे सगळ्यात धारदार: पैसे घेतल्यानंतर तुम्ही पेयरला लेखी विचारलंत की हा दर लावायचा हक्क तुला कुठून आला, तर त्याने ३० कामकाजाच्या दिवसांत तो सिद्ध करावा लागतो. नाही केला तर पेशंटच्या पॉलिसीप्रमाणे सवलतीशिवाय जी रक्कम द्यावी लागली असती ती द्यावी लागते.

डेंटलसाठी यावर आणखी एक थर आहे. २०१९ चा एबी (असेंब्ली बिल) ९५४ हा कायदा, जो हेल्थ अँड सेफ्टी कोडमध्ये कलम १३७४.१९३ म्हणून बसला आहे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. डेंटल प्लॅनला आपला करार तिसऱ्या पक्षाला वापरायला देता येतो, पण करार करताना आणि त्या बाबतीत मोठा बदल होताना डेंटिस्टला ‘मला यात भाग घ्यायचा नाही’ म्हणायची संधी द्यावीच लागते. ‘नाही’ म्हटलं म्हणून मूळ करार काढून घेता येत नाही. तिसऱ्या पक्षाला देण्याचं कलम करारात ठळक दिसलं पाहिजे. कोणाकोणाला दिलं त्याची यादी वेबसाइटवर ठेवून किमान दर ९० दिवसांनी ताजी केली पाहिजे. सवलत कुठून आली ते ईओबीवर लिहिलं पाहिजे. ज्या कराराच्या आधाराने क्लेम निकाली काढला त्याची प्रत तुम्ही मागितल्यावर ३० दिवसांत दिली पाहिजे. मूळ करार संपला की तिसऱ्याचा हक्कही त्याच दिवशी संपतो. आणि हे नियम मोडून दिलेल्या कराराने डेंटिस्ट बांधला जात नाही. एकाच ब्रँडच्या परवान्याखालच्या कंपन्यांना, प्लॅनच्या संलग्न कंपन्यांना यातून सूट आहे, तेव्हा निळ्या ढालीचं, म्हणजे ब्लू शील्डचं, कार्ड घेऊन दुसऱ्या राज्यातला पेशंट आला तर हे हत्यार उपसू नका.

पुढे २०२० मध्ये राज्यांच्या विमाविषयक आमदारांच्या परिषदेने, म्हणजे एनसीओआयएलने, डेंटल करारांसाठी नमुना कायदा मंजूर केला. त्याचा सांगाडा बराचसा असाच आहे, आणि त्यात नवा भाडेकरू येण्याआधी ३० दिवस डेंटिस्टला कळवायची अट आहे. त्याच परिषदेने मेडिकलसाठी २००८ मध्येच नेटवर्क भाड्याने देण्याबद्दलचा नमुना कायदा केला होता. नमुना म्हणजे नमुना. तुमच्या राज्याच्या विधिमंडळाने तो घेतला तरच लागू, आणि घेताना प्रत्येक राज्य आपलं मीठ-मसाला घालतं. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीने सांगितलेलं कलम कॅलिफोर्नियातल्या पत्रात कधीही चिकटवू नका.

ओहायोचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथला २००८ चा हेल्थकेअर सिम्प्लिफिकेशन कायदा सरळ ‘विकू नये, भाड्याने देऊ नये, देऊ नये’ अशी बंदी घालतो आणि मग अपवाद मोजून देतो. त्यातला एक असा की नेटवर्क भाड्याने देणं हाच या कराराचा एक उद्देश आहे, असं करारातच लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय भाडेकरूंची यादी वेब पानावर ठेवून किमान दर सहा महिन्यांनी सुधारायची आणि चौकशीसाठी टोल-फ्री नंबर द्यायचा. टेक्सासने २०१३ मध्ये इन्शुरन्स कोडमध्ये प्रकरण १४५८ घालून असे करार करणाऱ्या संस्थांना राज्याच्या विमा खात्याकडे नोंदणीच करायला लावली.

दात असलेला कायदा काय करतो हे लुइझियानात दिसलं. तिथल्या कायद्याने पेशंटच्या कार्डावर नेटवर्कचं नाव, नाहीतर डॉक्टरला ३० दिवस आधी लेखी सूचना, असं बंधन घातलं होतं, आणि मोडल्यास प्रत्येक वेळी किमान २,००० डॉलर भरपाई. कामगार-भरपाईच्या केसेसमध्ये मुळात कार्डच नसतं! तरीही पीपीओचे दर लावले गेले. फर्स्ट हेल्थविरुद्ध डॉक्टर-हॉस्पिटलांनी सामुदायिक दावा लावला. एकेका बिलातली कपात किरकोळ असेल, पण दोन-दोन हजार डॉलरची बेरीज सुमारे २६ कोटी डॉलरवर गेली आणि २०१० मध्ये राज्याच्या अपील कोर्टाने ती कायम केली. पुढे तडजोड होऊन प्रकरण सुमारे १५ कोटींवर मिटलं. त्यानंतर नेटवर्क कंपन्यांच्या कायदा विभागांत ‘नोटीस’ हा शब्द फार जपून उच्चारला जाऊ लागला.

कायद्याचं कलम नसतानाही लढाई जिंकता येते. २००१ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टापुढे जॉर्जियातल्या एका शस्त्रक्रिया केंद्राची केस होती. केंद्राचा करार एका नेटवर्कशी, त्या नेटवर्कचा दुसऱ्या दलालाशी, दलालाचा विमा कंपनीशी. दोन उड्या मारून विमा कंपनीने सवलत घेतली होती. कोर्टाने कराराचे आणि पॉलिसीचे शब्द वाचून ती नाकारली. आजही वकील ही केस काढतात, कारण तिच्यात प्रश्न नुसता साखळीचाच होता.

एवढे हक्क असूनही डॉक्टर हरतात ते बहुतेक वेळा स्वतःच्या सहीमुळे. तुमचा करार कपाटातून काढा आणि दर सोडून बाकीचं वाचा. दरांचं परिशिष्ट सगळेच वाचतात, खरी गोम व्याख्यांच्या पानावर असते. ‘पेयर’ची व्याख्या ‘कंपनीशी थेट वा अप्रत्यक्ष करार असलेली कोणतीही संस्था’ अशी असेल तर तुम्ही दार सताड उघडं ठेवलं आहे. ‘संलग्न, उत्तराधिकारी, ग्राहक’ हे शब्द शोधा. मग बदल कसे होतात ते कलम. ‘सूचना पाठवल्यापासून ३० दिवसांत हरकत न घेतल्यास संमती मानली जाईल’ अशा वाक्याखाली एखादा फॅक्स कधीतरी आलेला असतो, आणि फ्रंट डेस्कवरच्या मुलीने तो जाहिरात समजून कचऱ्यात टाकलेला असतो. आणखी एक: ‘प्रोव्हायडर मॅन्युअल हा या कराराचा भाग आहे.’ मॅन्युअल वेबसाइटवर असतं आणि कधीही बदलतं. एबी ९५४ मुळे तिसऱ्या पक्षाचं कलम करारातच ठळक हवं, त्यामुळे ते मॅन्युअलमध्ये दडपलेलं सापडलं तर ती तुमच्या बाजूची गोष्ट. मात्र जुना करार असेल तर तो केव्हा नवा झाला, केव्हा बदलला, या तारखा काढाव्या लागतील.

आता ईओबी. तुम्ही पाठवलेल्या प्रकारात काय दिसतं ते घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. डी२७४०, म्हणजे सिरॅमिक क्राउन. तुमची फी १,४५० डॉलर, मान्य रक्कम ८१२, मधले ६३८ ‘सीओ-४५’ या कोडखाली. ‘सीओ’ म्हणजे करारामुळे डॉक्टरने सोडायची रक्कम, ‘पीआर’ म्हणजे पेशंटने भरायची. ४५ म्हणजे फी ठरलेल्या दरापेक्षा जास्त. पेयरने ‘सीओ’ लावलं की तो करार आहे असं गृहीत धरतो. तो कोणता, हे बारीक अक्षरात तळाशी असतं, किंवा कागदावर नसतंच. तेव्हा पुण्याच्या टीमला ८३५ फाइल, म्हणजे ईओबीचंच इलेक्ट्रॉनिक रूप, उघडायला सांगा. क्लेमच्या भागात ‘आरईएफ’ अशी ओळ असते, तिला ‘सीई’ हा क्वालिफायर असेल तर पुढे कराराच्या वर्गाचं किंवा नेटवर्कचं नाव येतं. पोस्टिंग करणारे ही ओळ बघत नाहीत, कारण सॉफ्टवेअरला पैसे जुळवायला तिची गरज पडत नाही. रात्रीच्या शिफ्टला शेकडो ओळी पोस्ट करणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ‘सीओ-४५ आलं की राइट-ऑफ’ असंच शिकवलेलं असतं. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ‘नेटवर्क तपासायचं’ असा वेगळा ॲडजस्टमेंट प्रकार उघडून द्या, आणि तुमच्या थेट करारांच्या यादीत नसलेल्या पेयरचा सीओ-४५ तिथेच जाईल असा नियम करा. महिनाअखेरीला त्या खान्यात किती साठलं हे बघितलं की पत्र लिहायचा उत्साह आपोआप येतो.

पत्र एका पानाचं असावं. वर क्लेम नंबर, उपचाराची तारीख, कापलेली रक्कम. मग सरळ मागण्या: हा दर कोणत्या कराराखाली लावला, त्यावर माझी सही कोणत्या तारखेची, त्या करारापासून तुमच्यापर्यंत कोणकोणत्या संस्था आहेत, आणि पेशंटला माझ्याकडे पाठवण्यासाठी तुम्ही काय केलंत. कराराची प्रत मागा. लागू कलम लिहा, मुदत लिहा, आणि उत्तर न आल्यास पॉलिसीप्रमाणे सवलतीशिवायचा हिशेब मागा. ‘अन्याय’, ‘फसवणूक’ हे शब्द नकोत. पत्र पोचल्याची पावती मिळेल अशा पद्धतीने पाठवा, पोर्टलवरच्या मेसेजवर विसंबू नका. दुसरी प्रत त्या नेटवर्क कंपनीला. गंमत म्हणजे पुष्कळदा पेयर आणि नेटवर्क दोघंही उत्तर देतात आणि दोन्ही उत्तरं जुळत नाहीत. मग काम सोपं होतं.

उत्तर नाही आलं तर तक्रार कुठे? हेल्थ प्लॅन म्हणून परवाना असेल तर डीएमएचसी (हेल्थ प्लॅनवर देखरेख करणारं राज्याचं खातं), विमा कंपनी असेल तर राज्याचं विमा खातं. आणि पेशंट जिथे नोकरी करतो ती कंपनी स्वतःच खर्च उचलणारी असेल तर? बे एरियात मोठ्या कंपन्यांमध्ये हा प्रकार सर्रास आहे: कार्डावर विमा कंपनीचं नाव, बारीक अक्षरात ‘केवळ प्रशासन’. तिथे १९७४ चा एरिसा हा नोकरीतून मिळणाऱ्या बेनिफिट प्लॅनबद्दलचा केंद्राचा कायदा आडवा येतो, आणि राज्याचं खातं ‘आमचा अधिकार नाही’ म्हणून हात वर करू शकतं. याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. तुम्हाला भाड्याने देणारी नेटवर्क कंपनी राज्याच्या कायद्यातून आपोआप सुटत नाही, आणि तुमचा तिच्याशी असलेला करार हा करारच असतो. पण अशा क्लेमसाठी वकिलाचा तासाचा दर आणि अडकलेली रक्कम यांचं गणित आधी मांडा.

पेशंटकडून उरलेले ६३८ घ्यायचे का? माझं मत: वाद मिटेपर्यंत नाही. साखळी खरी निघाली तर तुम्ही करार मोडलात असं होईल. खोटी निघाली तरी पेशंटने विमा कंपनीच्या वेबसाइटवर तुमचं नाव बघून खुर्चीत बसलेलं असू शकतं, आणि त्याला क्राउन बसल्यावर ‘तुमचा विमा आमच्याकडे नाही’ सांगणं बरं दिसत नाही. त्याचा ठरलेला हिस्सा घ्या, बाकी खाते होल्डवर ठेवा. यापुढे मात्र पेशंट येण्याआधी बेनिफिट तपासताना ‘कोणत्या नेटवर्कमधून?’ हा प्रश्न टीमने फोनवर विचारलाच पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याचा रेफरन्स नंबर टिपून ठेवला पाहिजे.

बाहेर पडण्याबद्दल घाई करू नका. डेंटलमध्ये एकाच पेयरकडे तुमच्यापर्यंत पोचायच्या दोन-तीन वाटा असतात: थेट करार, एक अंब्रेला, दुसरी अंब्रेला. कोणती वाट आधी लावायची हे त्यांच्या सिस्टिममध्ये ठरलेलं असतं. तुम्ही एक तोडलीत की क्लेम दुसऱ्या वाटेने जातो, आणि ती कधीकधी आणखी स्वस्त निघते. उलट असंही होतं की अंब्रेलाचा दर थेट करारापेक्षा चांगला असतो, आणि हुशार डेंटिस्ट मुद्दाम थेट करार सोडून त्या वाटेने जातात. म्हणजे भाड्याचं नेटवर्क शत्रूच आहे असं नाही, ते कोणाच्या सोयीने वापरलं जातंय एवढंच. आधी एक तक्ता करा: उभ्या रांगेत पेयर, आडव्या रांगेत नेटवर्क, चौकटीत तुमच्या नेहमीच्या प्रोसिजरचा दर. मग ठरवा की पूर्ण करार संपवायचा की फक्त तिसऱ्या पक्षाला देण्यातून नाव काढायचं. दुसरं पत्र छोटं असतं आणि कॅलिफोर्नियात त्याला कायद्याचा आधार आहे. पहिल्याला बहुधा ९० दिवसांची नोटीस लागते, आणि तोपर्यंतच्या उपचारांना जुनेच दर.

तुमच्या मिस्टरांना एसबी ५५९ चे हक्क तसेच लागू आहेत, एबी ९५४ नाही, तो डेंटलपुरता. पण त्यांच्याकडे एक जास्तीचं साधन आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या पारदर्शकता नियमांनुसार मेडिकल प्लॅनना आपले इन-नेटवर्क दर मशीनला वाचता येतील अशा फाइलींत जाहीर करावे लागतात. फाइली अवाढव्य असतात, एक्सेलमध्ये उघडायचा प्रयत्न करू नका, पण पुण्यात कुणीतरी डेटावाला मुलगा त्यातून एनपीआय (डॉक्टरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि टॅक्स नंबर गाळून देईलच. ज्या पेयरशी करार नाही त्याच्या फाइलीत त्यांचा नंबर सापडला तर साखळीचा माग तिथेच लागतो. नुसता डेंटल प्लॅन या नियमातून वगळलेला आहे, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. इथे मी जरा कडक बोलणार आहे. करार तिथे टाकू नका. एक तर गोपनीयतेचं कलम. वकील, अकाउंटंट, सल्लागार, सरकारी खातं यांना दाखवायला ते सहसा आड येत नाही. पुण्याच्या बिलिंग कंपनीला दाखवतानाही लेखी गोपनीयता करार हवा. पेशंटच्या माहितीसाठी हिपा या गोपनीयतेच्या कायद्याखाली केलेला बिझनेस असोसिएट करार दर-परिशिष्टाला पुरत नाही. पण त्याहून मोठी भानगड अँटिट्रस्टची, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताविरुद्धच्या कायद्याची. शेजारच्या गावातला डेंटिस्ट मित्र असला तरी कायद्याच्या नजरेत तुमचा स्पर्धक आहे. दर एकमेकांना दाखवून ‘आपण सगळे मिळून याच्याखाली जायचं नाही’ किंवा ‘सगळ्यांनी हे नेटवर्क सोडूया’ असं ठरलं की १८९० चा शर्मन कायदा आलाच. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून जास्तीत जास्त फी ठरवली होती. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेही दर ठरवणंच मानलं. इंडियानातल्या डेंटिस्टांच्या महासंघाने विमा कंपन्यांना एक्स-रे पाठवायचे नाहीत असं एकमुखाने ठरवलं. एक्स-रे! दराचा प्रश्नही नव्हता, तरी १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. ग्रुपवर कायद्याचं कलम, पत्राचा मसुदा, ‘अमुक कंपनीची यादी कुठे सापडते’ हे खुशाल सांगा. आकडे आणि ‘आपण सगळे’ हे दोन्ही टाळा.

या आठवड्यात करायचं एवढंच. तुमच्या अंब्रेला नेटवर्कच्या वेबसाइटवर भाडेकरूंची यादी शोधा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण ९० दिवसांनी ती बदललेली असेल. सगळ्यात मोठ्या कपातीचे तीन क्लेम निवडून पत्र पाठवा, पन्नास एकदम नकोत. कराराची प्रत आली की आधी व्याख्यांचं पान आणि सहीची तारीख बघा. तिथे काय लिहिलंय ते, दर आणि नावं झाकून, मला पाठवलंत तर पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते सांगते.